आठवं वर्ष

जुई गेल्यानंतर हर्षल गायधनीच्या घरात गिटार वाजली नाही.

‘कातळ’ हा त्याचा बँड. नाशिकच्या कॉलेजात सुरू झालेला आणि मराठीतून दणदणीत रॉक वाजवणारा. गाणं हर्षलचं, लीड गिटार हर्षलची आणि शब्दही त्याचेच. लोकांना त्याचा राग आवडायचा. त्या रागावरच त्याने पाच अल्बम काढले होते. शहरावर, पुढाऱ्यांवर, एक तर चक्क स्वतःच्या बापावर. पण सात वर्षांची पोर मेंदूज्वराने बघता बघता गेली तेव्हा रागवायचं कुणावर, हेच त्याला कळेना. गुरुवारी ती डोकं दुखतंय म्हणत शाळेतून आली. रविवारी दुपारी डॉक्टरांनी केतकीचा हात हातात घेतला, आणि हर्षल हॉस्पिटलच्या भिंतीवरचा ‘हात कसे धुवावेत’ हा तक्ता वाचत राहिला. खालच्या ओळीत ‘स्वच्छ’ची वेलांटी चुकली होती, असं काहीतरी त्याच्या डोक्यात आलं. नंतर कळलं की त्या शब्दात वेलांटीच नसते.

केतकी, त्याची बायको, लहान मुलांच्या दातांची डॉक्टर होती. थोड्याच दिवसांत ती दवाखान्यात जायला लागली. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना ‘आ कर बघू’ म्हणायची आणि संध्याकाळी परत आली की पार्किंगमध्ये गाडी लावून तिथेच बसून राहायची. हर्षलला ती गॅलरीतून दिसायची. मग तोही खाली जायचा आणि बाजूच्या सीटवर बसायचा. काही न बोलता दोघं रडायची, आणि लिफ्टने वर यायची. त्यांच्या संसारात तेव्हा तेवढंच उरलं होतं, पण जे होतं ते दोघांचं होतं.

गाणी त्याला सुचत होती, आणि त्याचीच त्याला लाज वाटायची. एका संध्याकाळी गाडीत बसल्या बसल्या तो केतकीला म्हणाला, “तिच्या एकेका वर्षाचं एक गाणं. सात गाणी. आणि मग आठवं.”

“आठव्याचं काय लिहिणार तू?”

“माहीत नाही. जे झालं नाही तेच.”

“कर,” ती म्हणाली. “निदान काहीतरी ऐकू येईल घरात.”

त्याच सुमारास पुण्याहून डॉ. शाल्मली ओगले यांचा फोन आला. डॉ. ओगले मेंदूशास्त्रज्ञ होत्या. पाषाणला ‘सहवेद’ नावाच्या कंपनीत त्यांची प्रयोगशाळा होती. अपघातातून वाचलेली माणसं, युद्धावरून परतलेले जवान यांच्यासाठी त्यांनी एक यंत्र तयार केलं होतं, आणि आता कंपनीला ते संगीतात आणायचं होतं.

“विचार किंवा भावना, काहीही झालं तरी मेंदूत वीज वाहते,” पहिल्या भेटीत त्यांनी हर्षलला समजावलं. “वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या मानाने ते कोट्यवधी पटींनी क्षीण असतं, पण आता ते पकडता येतं. म्हणून तर ही खोली अशी आहे.” खोलीच्या भिंती जाड धातूच्या होत्या, बाहेरचं कुठलंही चुंबकत्व आत येऊ नये म्हणून. मध्ये एक खुर्ची होती आणि खुर्चीवर सायकलस्वारांचं असतं तसं हलकं शिरस्त्राण. “हे घालून तुम्ही गा. गाताना जे वाटेल त्याचा आलेख आम्ही गाण्याबरोबर नोंदवून ठेवू. त्याला आम्ही भावरेखा म्हणतो.”

“आणि ऐकणाऱ्याला?”

“तो डोक्याला एक पट्टा लावेल. सोनोग्राफीत असतात तसे ध्वनितरंग त्या पट्ट्यातून मेंदूत खोलवर जातात, अगदी नेमक्या जागी. गाण्याच्या ज्या क्षणी तुमच्या आत कळ उठली असेल, त्याच क्षणी तिथे हलकासा धक्का बसेल.” त्यांनी शिरस्त्राण उचलून हातात घेतलं. “एक अडचण आहे. एका वेळच्या नोंदीत गोंगाटच फार असतो. तीच आठवण पुनःपुन्हा काढावी लागते, आणि सगळ्या नोंदींची सरासरी घेतली की मग रेषा स्वच्छ दिसते. दर वेळी आठवण वर आली की ती निसटू नये म्हणून आम्ही तिला ध्वनितरंगांनी धरून ठेवतो. काही जणांना नंतर हलकं वाटतं.”

“हलकं वाटलं तर वाईट काय?” हर्षल म्हणाला.

पहिलं गाणं जुईच्या पहिल्या वर्षाचं होतं. तान्ही असताना ती कशानेच झोपायची नाही. बेस गिटारचा अॅम्प्लिफायर नुसता चालू ठेवला की त्याच्या घुमण्याने झोपायची. गाण्याची सुरुवात त्याच घुमण्याने होत होती. त्यावर हर्षल जवळजवळ कुजबुजत गायचा, आणि मग एकदम तिन्ही गिटारी कोसळायच्या. त्या खोलीत त्याने ते गाणं इतक्या वेळा गायलं की शेवटी घसा धरला. दर वेळी ती मांडीवर असायची, दर वेळी तिचं डोकं गरम लागायचं, आणि दर वेळी तो मोडून पडायचा.

गाणं तयार झालं तेव्हा त्याने पट्टा घरी आणला आणि केतकीच्या डोक्याला स्वतःच्या हाताने लावला. दोन कडवी होईपर्यंत ती ताठ बसली होती. गिटारी कोसळल्या तशी ती वाकली आणि तिने त्याचा शर्ट मुठीत धरला. गाणं संपल्यावरही तिने तो सोडला नाही. “एवढं होतं तुझ्यात?” ती म्हणाली. “आणि मी समजत होते, मी एकटीच...”

त्या दिवशी हर्षलला वाटलं, आपण बरोबर करतोय.

चौथ्या गाण्याच्या वेळी आपल्यात काही बदललंय, हे त्याच्या लक्षात आलं. चौथ्या वर्षी जुई गाडीत मागे बसून त्याच्या सीटला लाथा मारायची, आणि तो ओरडला की आणखी जोरात मारायची. त्यावर त्याने वेगवान, जवळजवळ गमतीदार गाणं केलं होतं. मधेच ड्रम थांबतात, आणि लाथा यायला हव्यात तिथे काहीच येत नाही. ड्रमर तिथे थांबला, तेव्हा हर्षलला एवढंच जाणवलं की शांतता अर्ध्या मात्रेने लांबली आहे.

पुण्यातल्या मुक्कामावर परतताना सिग्नलला शाळेची व्हॅन शेजारी येऊन थांबली. आतून एक मुलगी काचेवर नाक दाबून त्याच्याकडे बघत होती. एरवी अशा वेळी तो मान वळवायचा. त्या दिवशी त्याने तिला हात केला, आणि सिग्नल सुटल्यावर कुठे जेवावं याचा विचार करत निघाला.

दुसऱ्या दिवशी त्याने डॉ. ओगल्यांना सरळ विचारलं. त्यांनी यंत्र बंद केलं आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

“मीच तुमच्याशी बोलणार होते. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. ती बाहेर काढली की ओल्या मातीसारखी मऊ होते, आणि परत ठेवताना मेंदू तिला नव्याने भाजतो. हे सगळ्यांचंच होतं, रोज होतं. म्हणून तर काळ गेला की दुःख थोडं बोथट होतं. आपण इथे ती मऊ असतानाच धरून ठेवतो. तेवढ्या वेळात भावनेचं केंद्र थकून जातं. परत ठेवली जाते ती घटना. त्यातली कळ दर वेळी थोडी बाहेरच राहते. जवानांसाठी हाच उपचार आहे. पण त्यांना ती नकोच असते.”

“म्हणजे मी तिला विसरणार?”

“नाही. सगळं आठवेल. कदाचित आधीपेक्षा नीट आठवेल. फक्त ते एखाद्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडल्यासारखं वाटेल.” त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. “इथे थांबलात तर बरंचसं शिल्लक राहील. चार गाणीही कमी नाहीत. मी कंपनीला सांगते.”

हर्षलने विचार केला. नंतर त्याला पुष्कळदा आठवलं की त्याने खरोखर विचार केला होता. त्याची कुणी फसवणूक केली नव्हती. ती चार गाणी पट्ट्यावर ऐकलेली माणसं त्याने पाहिली होती. कंपनीचा रुक्ष हिशोबनीसही ऐकल्यावर जिन्यात बसून राहिला होता. एवढं चांगलं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि ते अर्धंच होतं. शिवाय, हे त्याने कुणाला सांगितलं नाही, सकाळी उठल्यावर छातीवरचा दगड नसणं त्याला आवडू लागलं होतं.

“करू या पुढे,” तो म्हणाला.

केतकीला तो यातलं काही बोलला नाही. संध्याकाळी ती पार्किंगमध्ये बसलेली दिसली की तो चहा टाकायचा, म्हणजे वर आल्यावर तिला गरम मिळावा. खाली जाणं त्याने कधी सोडलं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. केतकीला मात्र नक्की सांगता आलं असतं.

पाचवं, सहावं, सातवं गाणं झालं. सातव्यात हॉस्पिटल होतं, तो रविवार होता. ते गाणं त्याने उत्तम गायलं. सूर कुठे हलवायचा आणि श्वास कुठे तुटू द्यायचा, हे आता त्याला पक्कं कळत होतं, कारण मधे काही आड येत नव्हतं. आलेख मात्र पहिल्या काही वेळा गातानाच उसळला. पुढे रेषा सपाट होत गेली. डॉ. ओगल्यांनी सुरुवातीच्या नोंदींवरच भागवून घेतलं.

आठव्या गाण्याला रेषा उठलीच नाही.

त्याने स्वतःच्या डोक्याला पट्टा लावून पहिलं गाणं ऐकलं. म्हटलं, आपलंच आहे, परत तरी मिळेल. गिटारी कोसळल्या. पट्ट्याखाली कानशिलाला किंचित ऊब जाणवली. बस.

“पट्टा दुःख देत नाही,” डॉ. ओगले हळूच म्हणाल्या. “तो फक्त दार ढकलतो. आत ज्याचं त्याचं असतं तेच बाहेर येतं. लोक रडतात ते आपापल्या माणसांसाठी.”

आणि तेव्हा हर्षलला केतकी आठवली.

त्याने तिला आपल्याबरोबर पुण्याला यायला सांगितलं. म्हणाला, शेवटच्या गाण्यात तुझा आवाज हवाय. ती लगेच निघाली. वाटेत गाडीत तिने बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलायला सुरुवात केली. आठव्या वर्षी जुईला सायकल घ्यायची ठरली होती, केस वाढवायचे होते, ती नक्की भांडखोर झाली असती. हर्षल ‘हो ना’ म्हणत होता आणि यातलं गाण्यात काय बसेल ते बघत होता.

केतकी धातूच्या खोलीत खुर्चीवर बसली. डॉ. ओगल्यांनी शिरस्त्राण तिच्या हातात दिलं आणि विचारलं, “याचा परिणाम काय होतो ते हर्षलनी तुम्हाला सांगितलंय ना?”

“कसला परिणाम?”

डॉ. ओगल्यांनी हर्षलकडे पाहिलं. मग त्यांनीच सगळं सांगितलं, मातीचं, भाजण्याचं आणि कळ बाहेर राहण्याचं. केतकी दवाखान्यात पालकांचं ऐकून घ्यायची तशी मान किंचित कलती करून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती नवऱ्याकडे वळली.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“चौथ्या गाण्यापासून.”

“म्हणून तू खाली यायचा थांबलास.” तिने हे विचारलं नाही, नुसतं म्हटलं. “मला वाटत होतं, तुला माझ्याकडे बघवत नाही.”

“केतकी, ऐक. तुलाही बरं वाटेल. मी झोपतो आता. जेवतो. तू कशी झालीयस ते बघ एकदा. आठवण कुठे जात नाही, सगळं आठवतं मला...”

“काय आठवतं?”

“सगळं. हवं ते विचार.”

“आता तिच्या तोंडात कुठले दात असते, सांग.”

हर्षल गोंधळला. “आता? आता म्हणजे...”

“वरचे बाजूचे दोन्ही पडून गेले असते. एक आला असता, बहुतेक उजवा, आणि थोडा तिरका, तुझ्यावर गेली होती ती. त्याला तार लावावी की थांबावं, यावरून मी तुझ्याशी भांडले असते. माझ्या खुर्चीत रोज त्या वयाची मुलं येतात, हर्षल. रोज मी तिला थोडी मोठी करते. ती दुखते म्हणून वाढते माझ्यात. हे काढून घेतलं तर ती सातच वर्षांची राहील, तुझ्या त्या गाण्यात.” ती उठली. शिरस्त्राण तिने डॉ. ओगल्यांच्या हातात नीट ठेवलं, जसं काही ते फुटेल. “आणि हे न सांगता तू मला इथे बसवणार होतास.”

“अल्बम तिचाच आहे,” हर्षल म्हणाला. “आठव्या गाण्याशिवाय तो पूर्ण होत नाही.”

केतकीने त्याच्याकडे असं पाहिलं की यंत्र चालू असतं तर त्याही क्षणाचा आलेख निघाला असता. मग ती टॅक्सी करून एकटीच नाशिकला परत गेली.

कंपनीने मार्ग काढला. सिन्नरजवळच्या एका गावातून त्यांनी पूनम आव्हाड नावाच्या बाईंना आणलं. त्यांचा मुलगा कार्तिक शेततळ्यात बुडाला होता. तळ्याला अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावरून पाय घसरला आणि वर चढता आलं नाही. डॉ. ओगल्यांनी त्यांनाही सगळं समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं.

“म्हणजे राहील आठवण, पण असं जळणार नाही ना?” पूनमताईंनी विचारलं.

“नाही. पण परतही येणार नाही, ताई.”

“नको परत. मॅडम, मला अजून दोघं आहेत. पाण्याच्या बादलीजवळ गेली तरी मारते मी त्यांना. घ्या काढून.”

त्या खुर्चीत बसल्या. भिंतीपलीकडे हर्षल आठवं गाणं गात होता. त्याचे शब्द, त्याचा आवाज, आणि पडद्यावर रेषा उसळत होती ती पूनमताईंची. अशी रेषा त्याच्या पहिल्या गाण्यालाही आली नव्हती. काही दिवसांनी ती उतरू लागली, तेव्हा काम झालंच होतं. शेवटच्या दिवशी पूनमताई बाहेर आल्या, त्यांनी चहा मागितला आणि खिडकीत उभं राहून तो सावकाश संपवला. “दादा, गाणं चांगलंय तुमचं,” त्या म्हणाल्या. “तुमची मुलगी होती ना? वाईट झालं.”

“हो,” हर्षल म्हणाला. “तुमच्याही मुलाचं.”

“हो ना,” त्या म्हणाल्या, आणि कप कुठे ठेवायचा ते विचारलं.

त्या दिवसानंतर डॉ. ओगल्यांनी संगीताचा विभाग सोडला आणि त्या पुन्हा आपल्या जवानांकडे गेल्या.

‘आठवं वर्ष’ हा अल्बम बाहेर आला आणि सगळीकडे पसरला. मराठी न कळणारी माणसंही पट्टा लावून तो ऐकू लागली. लोकांनी भिंतींवर जुईची चित्रं काढली. गायधनींच्या इमारतीखाली सायकली, बाहुल्या, रंगपेट्या येऊन पडू लागल्या, आणि केतकीला रोज त्यांच्यामधून वाट काढत गाडी लावावी लागू लागली. अनोळखी बायका तिला मिठी मारून हुंदके द्यायच्या. समीक्षकांनी लिहिलं, बापाच्या दुःखाचा हा शिखरबिंदू आठव्या गाण्यात येतो.

पुण्याच्या मैदानावर कार्यक्रम झाला तेव्हा हजारो लोक डोक्याला पट्टे लावून उभे होते. आठवं गाणं सुरू झालं आणि त्या गर्दीतून एक आवाज उठला, रडण्याचा म्हणावा तर रडण्याचाही नव्हे. पुढच्या रांगेतला एक पिकल्या केसांचा माणूस गुडघ्यांवर बसला होता आणि कुणाचं तरी नाव घेत होता. हर्षल वर उभा राहून सगळं बघत होता. पायापाशी ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरमध्ये बेस जरा जास्त आहे, हे त्याने खुणेने साउंडवाल्याला सांगितलं. श्वास तुटायचा तिथे तो बरोबर तुटला.

केतकी गेली ती एका रविवारच्या दुपारी. दवाखान्याच्या वर दोन खोल्या तिने घेतल्या होत्या. सामान थोडंच होतं, जुईच्या वस्तू मात्र तिने सगळ्या घेतल्या. हर्षलने खोकी उचलायला मदत केली. शेवटचं खोकं लिफ्टपाशी ठेवल्यावर ती म्हणाली, “जाता जाता काहीतरी सांग तिच्याबद्दल. मला माहीत नसेल असं.”

हर्षलने सांगितलं. जुई सहा वर्षांची असताना एकदा तो तिला रेकॉर्डिंगला घेऊन गेला होता. तिने ड्रमच्या मोठ्या ढोलात डोकं घालून विचारलं होतं, ‘बाबा, आवाज थांबल्यावर कुठे जाऊन बसतो?’ तिने पिवळा फ्रॉक घातला होता, गुडघ्याला खरचटलं होतं, ड्रमर हसला होता. एकही तपशील त्याने गाळला नाही. गोष्ट छान सांगितली त्याने, योग्य तिथे थांबत.

केतकी भिंतीला टेकून ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते. त्याच्या चेहऱ्यावर तिने काहीतरी शोधलं आणि मग शोधायचं थांबवलं.

“मुलाखतीत सांगतोस तसंच सांगितलंस,” ती म्हणाली. “पण बरं झालं सांगितलंस. हे मला माहीत नव्हतं.”

“राहा ना, केतकी.”

“कुणाबरोबर राहू? तिच्यासाठी रडणारी आपण दोघंच होतो जगात. बाकीचे सगळे पट्टा काढला की घरी जातात. तूही त्यांच्यातलाच झालास.” लिफ्ट आली. तिने खोकं पायाने आत ढकललं. “जेवत जा वेळेवर,” ती म्हणाली आणि दार बंद झालं.

हर्षल आत आला. घर बरंच रिकामं झालं होतं. सोफ्यावर बसला तर बसवेना, गॅलरीत गेला तर उभं राहवेना. खाली केतकीची गाडी फाटकातून बाहेर पडताना दिसली, आणि त्याच्या छातीत असं काही तुटलं की त्याने कठडा धरला. केतकी गेली. मिरची चावल्यावर नाक पुसणारी, झोपेत पाय गार ठेवणारी, कॉलेजात पहिल्या कार्यक्रमाला एकटीच टाळ्या वाजवणारी केतकी गेली. ती परत येणार नाही. तो तिथेच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा मोठमोठ्याने रडू लागला. किती काळाने तो असा रडत होता! यंत्राने हिच्या आठवणीला हातही लावला नव्हता. ही सगळीच्या सगळी आत होती.

मग रडता रडता त्याला एक सुरावट ऐकू आली. उतरती, चार स्वरांची.

त्याने नाक पुसलं आणि कान दिला. सुरावट चांगली होती.

थोड्या वेळाने त्याने डॉ. ओगल्यांना फोन लावला. केतकी गेली, तो म्हणाला. त्यांना मनापासून वाईट वाटलं. कुणी आहे का तुमच्याजवळ, मी येऊ का, असं त्यांनी विचारलं.

“नको. ती खोली उद्या मोकळी असेल का, तेवढं बघता का?”

पलीकडे डॉ. ओगल्यांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“हर्षल,” डॉ. ओगले म्हणाल्या, “मी आता त्या विभागात नाही. आणि मी काही तुम्हाला अडवू शकत नाही. पण निदान थोडे दिवस थांबा. हे तुमच्यापाशी राहू द्या.”

“थोडे दिवस नकोत,” हर्षल गालावरचं पाणी निपटत म्हणाला. “ताजं आहे अजून.”